पुणे ते घुमान, आमच्या गाडीने, सात दिवस

माझ्या वडिलांना, आप्पांना, घुमानला जायचं होतं. घुमान म्हणजे पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव, संत नामदेव महाराज पंढरपूरहून निघून उत्तरेत फिरत फिरत जिथे राहिले ते. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथे ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आप्पांनी जायचं पक्कं केलं होतं, बॅग पण काढून ठेवली होती, पण नेमका गुडघा सुजला आणि राहिलं. मग राहिलंच. ३१ वर्षं पायी वारी केलेला माणूस, पण ही एक वारी झाली नाही. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

यंदा आमचे अहो रिटायर झाले (शाळेत भूगोल शिकवायचे) आणि आठवड्याच्या आत म्हणाले, चल, आपण जाऊन येऊ घुमानला. ट्रेन नको, विमान नको, गाडी घेऊ, वाटेत जे जे दिसेल ते बघत जाऊ. गाडी आमची अकरा वर्षांची छोटी हॅचबॅक आहे पण तब्येतीने चांगली. फेब्रुवारी निवडला, कारण जानेवारीत पंजाबात धुकं फार आणि मार्चनंतर राजस्थानात ऊन. दोनच नियम केले, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही आणि रोज निदान एक तरी जागा अशी बघायची की जी कुठल्या टूरवाल्याच्या यादीत नसते. निघायच्या आदल्या दिवशी आईने पंढरपूरच्या बुक्क्याच्या दोन पुड्या हातात ठेवल्या. एक नामदेव महाराजांपाशी ठेव म्हणाली. दुसरी? तर म्हणे असू दे जवळ, लागेल.

दिवस १ : पुणे ते बडोदा

पहाटे साडेचारला निघालो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मनोर, चारोटी, तलासरी असं करत गुजरातमध्ये शिरलो आणि वलसाडच्या आसपास हायवेच्या कडेला एकामागून एक स्टॉल दिसायला लागले, प्रत्येकापुढे धूर आणि काळीकुट्ट मडकी उपडी घातलेली. मी म्हणलं थांबा थांबा, ही तर पोपटी!

पोपटी नाही, इथे ह्याला उंबाडियुं म्हणतात. पण माझं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे मला तो वास लांबूनच ओळखू आला. आपल्याकडे वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भरतात आणि शेतात पेटवून भाजतात, इथे पण पापडी, कोनफळ, रताळं, छोटे बटाटे हिरव्या वाटणात घोळवून मडक्यात, तोंडाला उग्र वासाचा पाला कोंबलेला, मडकं उपडं आणि वरून खालून चहूबाजूंनी विस्तव. पाण्याचा थेंब नाही. शिजतं ते भाजीच्या स्वतःच्याच वाफेवर. स्टॉलवाल्या मावशींनी काठीने पाला ओढून काढला तेव्हा जी वाफ आली ना, तिखट, ओल्या मातीची आणि जळक्या पानाची एकत्र, ती मी आत्ता लिहिताना पण घेऊ शकते. कोनफळ जांभळं, बोटाने दाबलं की पेढ्यासारखं. सोबत हिरवी चटणी आणि ताक. पोपटी थंडीतच करतात, हे पण थंडीतच. तिथल्या आणि आमच्याकडच्या बायकांना कोणी सांगितलं असेल एकमेकींचं, इतका लांबचा किनारा आहे मधे. मी मावशींना मोडक्या हिंदीत आमच्या पोपटीचं सांगितलं तर त्यांनी आणखी एक रताळं पानावर वाढलं आणि पैसे घेतले नाहीत.

बडोद्याला पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. बडोदा आपल्याला परकं वाटतच नाही, दांडिया बाजारात पाट्यांवर कितीतरी मराठी आडनावं. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन राजा झाला आणि सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, हे अहोंनी मला शंभराव्यांदा सांगितलं आणि मी शंभराव्यांदा ऐकलं, कारण ते सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. रात्री सेव उसळ खाल्ली. उसळ आपली, वरची सेव त्यांची.

दिवस २ : बडोदा ते उदयपूर

आज अहोंचा दिवस. त्यांनी ३४ वर्षं मुलांना फळ्यावर कर्कवृत्ताची रेघ काढून दाखवली, पण त्यावर उभे कधी राहिले नव्हते. अहमदाबाद मागे टाकून हिंमतनगरच्या रस्त्याला लागलो की प्रांतीजपाशी ती रेघ येते, २३ अंश २६ मिनिटं. मोबाईलवर आकडे बघत बघत मी सांगत होते आणि हे गाडी हळू करत होते, शेवटी एका एरंडाच्या शेताच्या कडेला गाडी बाजूला घेतली. खाली उतरून उभे राहिले. तिथे काही नव्हतं हो, एरंड, एक बाभूळ, मागे ट्रक जातायत. पण ते मला म्हणाले, अगं पुण्यात वर्षातनं दोनदा आपली सावली नाहीशी होते, शून्य सावली, आठवतं ना मी गच्चीवर बाटली ठेवून दाखवायचो. इथे वर्षातनं एकदाच, २१ जूनच्या सुमाराला. आणि ह्याच्या पुढे पाऊल टाकलं की सूर्य कधीच बरोब्बर डोक्यावर येत नाही, जन्मात नाही. असं म्हणून त्यांनी पुढे पाऊल टाकलं. मी फोटो काढला. त्यांच्या पायापाशी सावली लांब पडलीये उत्तरेकडे आणि ते हसतायत, हा फोटो आता आमच्या हॉलमध्ये आहे.

शामळाजीनंतर राजस्थान. ऋषभदेवच्या आसपास रस्त्याकडेला हिरव्या मार्बलचे खोलीएवढे ठोकळे रचून ठेवलेले, ओले झाले की काळपट हिरवे दिसतात, शेवाळलेल्या विहिरीसारखे. उदयपूर ह्याआधी बघितलेलं, त्यामुळे तलावाकाठी चहा पिऊन लवकर झोपलो.

दिवस ३ : उदयपूर ते जोधपूर

सकाळी राणकपूर. १५ व्या शतकातलं जैन मंदिर, आतमध्ये १४४४ खांब आणि एकासारखा दुसरा नाही म्हणतात. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही, एकाच खांबाला टेकून अर्धा तास बसले. संगमरवर थंडगार आणि वरून उजेड गाळून आल्यासारखा. पण राणकपूरवर लिहिणारे खूप आहेत.

मला लिहायचंय ते ओम बन्नांबद्दल. पालीहून जोधपूरकडे जाताना साधारण वीसेक किलोमीटरवर चोटीला गावापाशी हायवेलाच लागून हे स्थान आहे, लोक बुलेट बाबा म्हणतात. ओमसिंह राठोड नावाचा तरुण इथे रात्री बुलेटवरून येताना झाडाला धडकून गेला. बन्ना म्हणजे तिकडे राजपूत तरुण मुलाला म्हणायचा शब्द. गोष्ट अशी सांगतात की पोलिसांनी बुलेट ठाण्यात नेऊन ठेवली तर सकाळी ती परत अपघाताच्या जागी, पेट्रोल काढून साखळी लावली तरी परत तिथेच. शेवटी ती तिथेच राहू दिली. आता ती काचेच्या पेटीत आहे, नंबर आरएनजे ७७७३, हँडलवर झेंडूचे हार इतके की दिवा दिसत नाही. शेजारी ते झाड, त्याला लाल धागे आणि बांगड्या. लोक नारळ फोडतात, काही जण दारूच्या बाटल्या वाहतात, आणि जे थांबत नाहीत ते ट्रकवाले निदान हॉर्न देऊन जातात.

नेटवर ह्याचे व्हिडिओ गंमत म्हणून टाकतात. मी तिथे पाऊण तास होते आणि मला गंमत कुठेच दिसली नाही. एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर होते, चप्पल लांब काढून काचेला दोन्ही हात लावून उभे, ओठ हलत होते. नंतर चहाच्या टपरीवर भेटले. म्हणाले, चालीस साल से गाड़ी चला रहा हूँ, कितने लड़के देखे सड़क पे पड़े हुए, किसी का नाम नहीं रहता, इसका रह गया. एवढं बोलून बशीतला चहा संपवला आणि गेले.

माझा मामेभाऊ २००९ साली खंबाटकी घाटात गेला, तेवीस वर्षांचा होता, बाईकच. त्या वळणावर काहीही नाही, मी दर वेळी साताऱ्याला जाताना डोळे मिटते. ह्या पोराच्या गावच्या लोकांनी डोळे मिटले नाहीत. रोज किती हजार गाड्या तिथे स्पीड कमी करतात, त्या वळणावर, एका अपघाताच्या जागी. अजून काय पाहिजे. मी पण एक नारळ घेतला आणि भावाच्या नावाने फोडला. अहो काही बोलले नाहीत, फक्त पुढे जोधपूरपर्यंत गाडी साठच्या वर नेली नाही.

दिवस ४ : जोधपूर ते बिकानेर

सकाळी गरम मिरची वडे बांधून घेतले आणि नागौरच्या रस्त्याला लागलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूला वाळू, खेजडीची झाडं, मधेच उंट. खींवसर मागे गेलं आणि थोड्या वेळाने टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. रेडिएटरचा होज पाईप क्लिपपाशी फाटलेला. निघायच्या आधी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, सगळे पाईप बघितले म्हणाले होते, ते जाऊ दे. दुपारचे बारा, रेंज नाही, लांबवर एक घर.

घरातून एक आजोबा आले, पांढरं धोतर, केशरी साफा. गाडी बघितली आणि आधी आम्हाला सावलीत बसवलं. अहोंनी गाडी गार होऊ दिली, पाईपचं फाटलेलं टोक सुरीने इंचभर कापलं आणि उरलेला पाईप ओढून परत क्लिप आवळली, बसला बरोबर. आता पाणी पाहिजे. आमच्याकडे दोन बाटल्या फक्त. आजोबांच्या अंगणात बोअरचा पंप होता, मी तिकडे बोट दाखवलं तर त्यांनी मान हलवली. खारो है, म्हणाले, गाडी बिगड़ जाई. आणि ते आम्हाला टांक्यापाशी घेऊन गेले.

टांका म्हणजे जमिनीत खणलेला गोल हौद, वर घुमटासारखं झाकण, त्याला एक छोटी लाकडी खिडकी. सभोवती जमीन चोपून चोपून बशीसारखी उतरती केलेली असते, पावसाळ्यात जे काही चार थेंब पडतील ते घरंगळत येऊन आत पडावेत म्हणून. त्या उतारावर कोणी चपला घालून जात नाही. जुलै ऑगस्टमध्ये पडलेलं पाणी ते पुढच्या जुलैपर्यंत पितात. आजोबांनी चपला काढल्या, कुलूप उघडलं, दोरीने बादली सोडली. ते पाणी त्यांनी आधी आम्हाला पाजलं आणि मग आमच्या गाडीला. दोन बादल्या. मी बादलीकडे बघत होते आणि मला कसंतरीच होत होतं, त्यांच्या घरातल्या चार माणसांचं किती दिवसांचं पिण्याचं पाणी असेल ते. पैसे काढले तर त्यांनी हात जोडले. मग मी मिरची वडे आणि आईने दिलेल्या तिळाच्या वड्या त्यांच्या सुनेच्या हातात दिल्या, त्या घेतल्या.

गाडीत बसल्यावर आप्पांची गोष्ट आठवली, लहानपणी वारीत चालताना सांगायचे ती. ज्ञानेश्वर माउली आणि नामदेव महाराज तीर्थयात्रेला निघाले, मारवाडात तहानेने जीव कासावीस झाला, विहीर सापडली पण पाणी खोल गेलेलं. माउली योगबळाने सूक्ष्म रूप घेऊन खाली उतरले आणि पिऊन आले. नामदेवांकडे तसली सिद्धी नव्हती. त्यांनी विठोबाला हाक मारली आणि विहीर काठोकाठ भरून वाहायला लागली. मला लहानपणी हा प्रसंग फक्त चमत्कार वाटायचा. त्या दिवशी त्या रस्त्यावर कळलं की तहान म्हणजे काय प्रकार आहे इथे, आणि पंढरपूरचा माणूस हा सगळा मुलूख पायी तुडवत गेलाय.

देशनोकला पोचेपर्यंत चार वाजले. करणी मातेचं मंदिर, उंदरांचं म्हणून जगभर माहीत आहे, बिकानेरच्या अलीकडे ३० किलोमीटरवर. खरं सांगते, मी दारात दहा मिनिटं उभी राहिले. आमच्या घरात प्लेगच्या गोष्टी ऐकत मोठे झालोय आम्ही, १८९७ च्या पुण्यातल्या, पणजीच्या सासरची तीन माणसं त्यात गेलेली, उंदीर पडला की घर सोडायचं हे तिने आजीला आणि आजीने आईला सांगितलेलं. आणि इथे ते हजारोंनी. पायात चप्पल चालत नाही. पाय उचलायचा नाही, घासत घासत चालायचं, म्हणजे कोणी पायाखाली येत नाही. चुकून मेला तर चांदीचा उंदीर वाहायचा.

चांदीचे दरवाजे सुंदर आहेत, पण मी बघत राहिले ती परात. भली मोठी दुधाची परात आणि तिच्या काठावर गोल बसलेले काबे. उंदीर म्हणायचं नाही इथे, काबा म्हणायचं. पुढचे दोन पाय काठावर, शेपट्या सगळ्या बाहेरच्या बाजूला, जीभ बारीक गुलाबी. कोणाची घाई नाही, भांडण नाही. पुजारी म्हणाले की आमच्या चारण समाजातला माणूस गेला की काबा होतो आणि काबा गेला की परत माणूस होऊन घरी येतो. करणी मातेने यमाकडे आपल्या मुलाला मागितलं, कोलायतच्या कपिल सरोवरात बुडालेल्या, तेव्हापासून हे असं. पुजाऱ्यांच्या मांडीवर एक काबा चढला, त्यांनी बोलता बोलता त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. माझ्या पावलावरून एक गेला तेव्हा मी अहोंचा हात घट्ट धरला होता, पण पाय हलवला नाही. ज्यांचं माणूस असं इतकं जवळ राहतं त्यांना भीती कशाची वाटणार.

बिकानेरला नवा पाईप बसवून घेतला. मेकॅनिक अहोंचं काम बघून म्हणाला अच्छा बिठाया था, हे ऐकून अहो जे खूश झाले!

दिवस ५ : बिकानेर ते बठिंडा

लूणकरणसर, महाजन, वाळूच वाळू. आणि मग सुरतगढच्या अलीकडे एकदम कालवा. इंदिरा गांधी कालवा. काठोकाठ भरलेला, वेगाने वाहणारा, वाळवंटात. अहोंनी गाडी थांबवली. फीडर (म्हणजे नदीचं पाणी मुख्य कालव्यापर्यंत आणणारा भाग) आणि मुख्य कालवा मिळून ६४९ किलोमीटर, काम १९५८ साली सुरू झालं, तेव्हा राजस्थान कालवा नाव होतं. उजव्या हाताला मोहरीचं पिवळंधमक शेत आणि डाव्या हाताला वाळूची टेकडी, मधे फक्त रस्ता. काल दोन बादल्या पाणी मोजून घेतलेलं आणि आज हे. उद्या हे पाणी जिथून निघतं तिथे जाणार आहोत, अहो म्हणाले.

पीलीबंगा फाट्याला वळून कालीबंगा बघितलं. हडप्पा काळातलं गाव होतं, घग्गर नदीच्या काठी. उत्खनन १९६० च्या दशकात झालं, आता मातीच्या टेकाडाखेरीज फारसं काही दिसत नाही, आणि येणारे पण आम्ही दोघंच. पण पायाखाली बघायचं. भाजक्या मातीच्या बांगड्यांचे तुकडे जागोजाग, कालीबंगा म्हणजे काळ्या बांगड्या. मी एक उचलला, माझ्या मनगटाशी धरून बघितला, बरोबर माझ्याच मापाची गोलाई. मग होता तिथे ठेवून दिला.

इथे नांगरलेलं शेत सापडलं होतं, जगातल्या सगळ्यात जुन्या नांगरलेल्या शेतांपैकी. एका दिशेला जवळजवळ ओढलेल्या सऱ्या आणि त्यांना आडव्या लांब लांब अंतरावरच्या सऱ्या, म्हणजे एका शेतात दोन पिकं. आता ते परत मातीने झाकून ठेवलंय. पण उत्खनन करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की आजूबाजूचे शेतकरी अजून तसेच दोन पिकं घेतात, हरभरा आणि मोहरी. माझे आजोबा ज्वारीत तुरीचे तास टाकायचे. अहोंना मी हे सांगितलं तेव्हा ते टेकाडावर खालीच बसले, म्हणाले हे मी मुलांना का नाही सांगितलं कधी.

हनुमानगढला किन्नूचा (संत्र्यासारखं फळ) रस, दोन दोन ग्लास. डबवालीवरून बठिंडा. झोप.

दिवस ६ : बठिंडा ते जालंधर

फरीदकोट, झिरा, मखू आणि हरिके. इथे सतलज आणि बियास मिळतात, आणि बॅरेजपाशी पाणी अडवून तिथूनच तो राजस्थानचा फीडर निघतो. कालचं पाणी इथून गेलेलं. पाणकोंबड्या, बदकं, थव्याने. अहो अर्धा तास कठड्याला टेकून उभे. कोणाशीच बोलले नाहीत. मी थर्मासमधला चहा दिला तेव्हा एवढंच म्हणाले की आजोबांच्या गावापर्यंत पण जायला पाहिजे हे.

हरिकेहून मागे मखूला येऊन लोहियां, सुलतानपूर लोधी असं जालंधरकडे. आणि आता घरांच्या गच्चीवर बघायचं. दोआबा म्हणतात ह्या भागाला, घराघरातली माणसं कॅनडा, इंग्लंड, इटलीला. आणि पाण्याच्या टाक्या नुसत्या टाक्या नाहीत, कोणाच्या गच्चीवर सिमेंटचं विमान, खिडक्या आणि शेपटीवरच्या रंगासकट, कोणाचा फुटबॉल, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचा पंख पसरलेला गरुड. लांबून कळतं हे कोणाचं घर. एका विमानाच्या घरापाशी थांबलो, गेटला कुलूप. शेजारच्या काकांनी सांगितलं, मालक टोरांटोला, तीन वर्षांतून एकदा येतात. टाकी भरून ठेवायचं काम ह्या काकांकडे. कशाला भरता, कोणीच नाही तर, मी विचारलं. ते म्हणाले, खाली टंकी चंगी नहीं लगदी. रिकामी टाकी बरी नाही दिसत.

आमचा मुलगा दोन वर्षं जर्मनीत आहे. त्याची खोली मी दर शनिवारी झाडते, चादर बदलते. मला लगेच कळलं काका काय म्हणतायत.

दिवस ७ : तल्हण आणि घुमान

सकाळी जालंधरजवळच्या तल्हणच्या गुरुद्वाऱ्यात गेलो, शहीद बाबा निहाल सिंग. इथे परदेशी जायचं जमावं म्हणून लोक खेळण्यातली विमानं वाहत आलेत. बाहेरच्या दुकानात ओळीने विमानं टांगलेली, सगळ्या कंपन्यांची. माझ्या शेजारी एक आजी होत्या, त्यांनी पांढरं विमान घेतलं, दुकानदाराकडून पेन मागून घेतलं आणि पंखावर गुरुमुखीत काहीतरी लिहिलं. हात थरथरत होता म्हणून मी विमान धरलं. नातवाचं नाव, म्हणाल्या, व्हिसा दोनदा नाही आला. व्हिसा यावा असं वाटतं तुम्हाला? मी विचारलं. जाए तां सुखी, ना जाए तां मेरे कोल (गेला तर सुखी, नाही गेला तर माझ्यापाशी), असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विमान छातीशी धरून आत गेल्या. मी विमान घेतलं नाही. मुलासाठी हात मात्र जोडले.

मग टांडा, बियास नदीवरचा पूल, श्री हरगोबिंदपूर आणि घुमान. गव्हाची हिरवी शेतं, मधे गाव, आणि गुरुद्वाऱ्यावर नामदेवांचं नाव. पुण्यापासून आकडा २२०० च्या पुढे गेलेला. मी डोक्यावरून ओढणी घेतली, अहोंनी केशरी रुमाल बांधला, पाय धुऊन आत गेलो.

नामदेव महाराजांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, हे मला आप्पांमुळे पाठ होतं. नरसीला जन्मलेला शिंप्याचा मुलगा, पंढरपूरच्या देवळाच्या पायरीत ज्याची समाधी आहे, ज्याच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही लहानपणी उडी मारून जायचो, त्याचं म्हणणं इथे सातशे वर्षांनंतर रोज वाचलं जातं, गायलं जातं. पण पाठ असणं वेगळं. आत रागी कीर्तन करत होते, पेटी आणि तबला, मला पंजाबी काही कळत नव्हती, मी मान खाली घालून बसले होते आणि मधेच एक शब्द आला. बीठलु. परत आला. बीठलु. मी अहोंकडे बघितलं, ते माझ्याकडेच बघत होते. पुढचा बराच वेळ मला काही दिसलं नाही.

एक पुडी सेवादार बाबाजींना दिली, पंढरपूरचा आहे म्हणलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत नेली.

लंगरमध्ये जेवून मी रोट्या लाटायला बसले. शेजारी एक बीबी होत्या, सत्तरीच्या, माझ्या रोटीकडे बघून त्यांनी न बोलता लाटणं जरा तिरकं धरायला शिकवलं. कुठून आलात विचारलं. महाराष्ट्र म्हणल्यावर त्यांचं लाटणं थांबलं. पंढरपूर बघितलंय? मी म्हणलं दरवर्षी जाते. मग त्यांनी किती प्रश्न विचारले, देऊळ केवढं आहे, नदी आहे का, बाबाजींची, म्हणजे नामदेव महाराजांची, पायरी खरंच दारात आहे का, त्यावर हात लावू देतात का. त्यांच्या मिस्टरांना जायचं होतं म्हणे, राहून गेलं, आता ते नाहीत, आणि ह्यांचा गुडघा चालत नाही. गाडीनी किती दिवस लागतात? मी म्हणलं आम्हाला सात लागले. सात, त्या म्हणाल्या, आणि तव्याकडे बघत राहिल्या.

मी पिठाचे हात पुसले आणि पर्समधून दुसरी पुडी काढली. बीबींनी ती उघडली, वास घेतला, चिमूटभर कपाळाला लावला, थोडा माझ्या कपाळाला लावला. मग पुडी परत नीट दुमडली, ओढणीच्या टोकाला दोन गाठी मारून बांधली आणि पुढची रोटी लाटायला घेतली.